दादाची व्हिस्की कोणती

दारूच्या दुकानात शिंपी रांगेत ताटकळला होता. पुढचे दोघे, एक बाई आणि तिचा दीर, काही केल्या हलेनात. मालकाने त्यांच्यापुढे एकाच स्कॉचचे दोन प्रकार दोन ग्लासांत घोटभर ओतून ठेवले होते.

"वहिनी, ही शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. हुंगून बघा."

"ही गोडूस आहे भाऊजी. भिजवलेल्या मनुकांसारखी. ह्यांच्या तोंडाला असला वास नव्हता."

"मग ही साधी. हिच्यात नुसता धूर."

"हं. ओली लाकडं पेटवल्यासारखी. जवळपास आहे, पण ही नव्हे."

"अहो, हीच. इतकी वर्षं दादा माझ्याकडे बसून हीच प्यायचा."

"आणि इतकी वर्षं दार मी उघडत होते. आधी वास आत यायचा, मागून हे. मी नाक मुरडायचे."

"तुम्ही थेंबभर पिणार नाही, मग एवढी चिकित्सा कशाला?"

"संध्याकाळी नुसतं झाकण काढून ठेवीन म्हटलं. घर खायला उठतं हो."

शिंप्याने घड्याळ बघायचं सोडून दिलं.

दिराने हातातला ग्लास खाली ठेवला.

"दादाने शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"आता कुणाची शपथ पाळताय?"

"माझ्याकडून निघताना तो दोन लवंगा चघळायचा. तुम्हाला दारूचा वास येऊ नये म्हणून."

"लवंगा?"

"रोज."

"मला मेलीला वाटायचं, त्या दारूचाच वास तसा."

"मग आता कुठली घ्यायची?"

"ही धुराचीच बांधा हो मालक. लवंगा घरात आहेत."