दीडपट

सासू : नाही म्हटलं ना! मला नाही बोलायचं त्याच्याशी. तूच पाठव काय पाठवायचं ते.

सून : आई, उद्या जहाज निघालं की महिनाभर निरोप पोचायचा नाही. काल मला लिहूनसुद्धा विचारलं त्यांनी, आई रुसलीय का म्हणून.

सासू : रुसायला उसंत तरी देतो का तो? कशी आहेस, गोळ्या घेतेस ना, ठेवतो. संपलं! माझा लेक कधी असा तडतड बोलायचा का? त्याचं एक वाक्य पुरं होईस्तोवर समोरच्याचा चहा गार व्हायचा.

सून : तडतड? मला नाही बाई तसं वाटत.

सासू : तुझ्याशी नसेल बोलत तसं. आईचं उरकायचं असतं.

सून : अहो, दोघींना व्हिडिओ एकच येतो. मी फोनवर बघते, तुम्ही कॉम्प्युटरवर, एवढंच. दाखवा बरं मला. हिला घ्या मांडीवर. हळू हं, आत्ता कुठे डोळा लागलाय.

सासू : दे इकडे. आणि लाव तो परवाचा. बघ, बघ! कुत्रं मागं लागल्यासारखा.

सून : अगंबाई!

सासू : काय झालं?

सून : हा माझाच उद्योग. या ब्राउझरला मी एक ॲड-ऑन जोडलंय.

सासू : माणसाला कळेल असं बोल.

सून : शिवणाच्या मशीनला आपण वरून एखादा वेगळा पाय लावतो ना, तसं. ऑनलाइन कुठलाही व्हिडिओ लावा, ऑडिओ लावा, ते दीडपट पळवतं. ही झोपते तेवढ्या वेळात माझे अभ्यासाचे तास ऐकून व्हावेत म्हणून लावलं. बंद करायचं राहूनच गेलं.

सासू : तरीच! बातम्यांची बाईसुद्धा धापा टाकत होती. मला वाटलं, सगळ्या जगालाच घाई झालीय. पण आवाज तर त्याचाच होता गं.

सून : आवाज बदलत नाही ते, नुसतं पळवतं. चिरका झाला असता तर तुम्ही पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

सासू : आणि मी इतके दिवस त्या पोराला मनात काय काय बोलले. काढ, काढ ते आधी.

सून : काढलं. ऐका आता.

(दोघी ऐकतात.)

सासू : अडकलं का गं?

सून : नाही. खालची रेघ सरकतेय बघा. ते गप्प बसलेत.

सासू : इतका वेळ?

सून : हं. आता म्हणतील, ठेवतो.

सासू : घाई कुठली आलीय. ठेववत नाहीये त्याला. दमलाय गं.

सून : तुमचं रेकॉर्ड करू?

सासू : कर. केस नीट आहेत ना माझे?

सून : छान आहेत. बोला.

सासू : आणि हे बघ, मी मध्येच गप्प झाले तर बंद नको करूस.