अँपवरची कुंकवाची खूण

मी बेळगावजवळच्या कंग्राळीचा. घरात रताळ्याची शेती, गाण्याबजावण्याचा नाद कुणालाच न्हवता, पण मला पोरपणी बेंजोचं येड लागलं ते आजपत्तूर सुटलं न्हाय. दिसा लोखंड ओतायच्या फौंड्रीत काम, आणि लगीनसराईत, गणपतीत आमची बेंजो पार्टी, पार निपाणी-चिकोडीपत्तूर. सगळीकडं बेंजोवाला मारुती म्हंत्यात. काय सांगू तुमास्नी, मला दुसरी वळख न्हाय.

आमच्या अँपवर, म्हंजे बेंजोचा आवाज मोठा करायच्या पेटीवर, दोन बटणं. गेन म्हंजे बेंजोचा आवाज आत किती घ्यायचा, आणि व्हॉल्यूम म्हंजे बाहेर किती सोडायचा. अँप सांभाळतो परशाअण्णा, आमचा ढोलवाला, माझ्यापेक्षा थोरला. एका दसऱ्याला अँपची पूजा करताना त्यानं गेन पार वर नेला, तिथं कुंकवाची खूण केली आणि म्हणाला, आता हे कुणी हलवायचं न्हाय. पूजेचं कुंकू, कोण हलवतंय? मिरवणुकीत तिथंच आणि तालमीला बी तिथंच. पत्र्याचं शेड, नुसता खरखराट, पण मला वाटायचं दणका म्हंजे हाच.

गेल्या रविवारी सकाळी माझी पोरगी स्वाती तालमीला आलती, बेळगावात कीबोर्ड शिकती. ऐकलं आणि म्हणाली, आप्पा, आवाज लई फाटतोय, गेन कमी करू? परशाअण्णा वरडला, हात लावू नको गं! मला वाटलं कुंकवासाठनं वरडला. मी म्हटलं, असू दे अण्णा, बघू तरी. ती म्हणाली, आप्पा, जोरात वाजवा. मी वाजवत ऱ्हायलो आणि ती गेन खाली आणत गेली, खरखर थांबली तिथं थांबली, मग व्हॉल्यूम हळूहळू वर नेला. एवढंच. आवाज असा नितळ झाला की मी उडालोच. इतकी वर्सं आपण काय केलं म्हणायचं?

पण पार्टीतली बाकीची पोरं एकमेकांकडं बघाय लागली. मग पोरगी हळू म्हणाली, आप्पा, तुमची एक तार उतरल्या. मी म्हटलं, न्हाय, आत्ताच लावल्या की. परत वाजवलं. मला बरोबर वाटतंय आणि सगळी खाली बघत्यात. तिनं फोनवर सूर लावून दाखवला तर खरंच तार उतरल्याली, आणि मला त्यातलं काय म्हंजे काय कळत न्हवतं. कान गेलं म्हंजे बेंजो गेला, आणि बेंजो गेला म्हंजे मी कोण?

मी परशाअण्णाकडं बघितलं. तो म्हणाला, मारुती, आमास्नी कवाच ठावं हाय रं. फौंड्रीच्या दणक्यानं तुझं कान गेलं, बोलणं कळतंय पण सुराचा फरक कळत न्हाय. म्हणून गेन वर ठिवला, त्या खरखरीत तुझी तार झाकून जाती. सांगितलं असतं तर तू बेंजो खाली ठिवला असतास, मग आमी कुणासंगं वाजवायचं?

मला रडू आलं, राग बी आला. पूजेचं कुंकू लावून फसवलं की हो मला!

खूण आता पुसली. गेन खाली असतो, तार पोरगी लावती, कानाच्या डॉक्टरची तारीख बी तिनंच घेतल्या. आणि मी वाजवताना परशाअण्णाच्या तोंडाकडं बघतो. त्याचं तोंड वाकडं झालं न्हाय म्हंजे सूर बरोबर. असं फसवणारं माणूस देवानं सगळ्यास्नी द्यावं, आणि काय मागू?