शंभरीचं गाव

—हळू बोला थोडं, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. बसा. ती नको, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, ही घ्या. आणि एक सांगते, राग मानू नका — मला आजी म्हणू नका. दारात उभं राहून विचारलंत, 'आजी, आजोबा आहेत का घरात?' — तर मी आजोबांची बायको नाही. मुलगी आहे. धाकटी मुलगी. असू द्या, असू द्या, एवढे ओशाळू नका, सगळ्यांचं तसंच होतं. मागच्या वाढदिवसाला फोटो काढायला आलेला पोरगा म्हणाला, 'आजी, जरा बाजूला होता का, आजोबांचा एकट्यांचा घेतो' — आणि झाले मी बाजूला. त्याचं काय चुकलं? अप्पांकडे बघा नि माझ्याकडे बघा. अप्पांची कातडी कशी तुकतुकीत आहे. रोज तेल कोण लावतं, ते फोटोत थोडंच येतं.

म्हणजे तुम्ही गावोगाव फिरता आणि कुठलं गाव कशासाठी नावाजलंय ते लिहिता? बरं काम आहे. मागच्या महिन्यात कुठे होतात? — कुलपांच्या गावात. आणि त्याआधी? — घंटांच्या. बघा, त्यांच्याकडे निदान वस्तू तरी आहे. हातात घेऊन बघता येते, वाजवता येते, नाही आवडली तर परत ठेवून देता येते. आमच्याकडे काय? तर म्हातारी माणसं. फाट्यावरची पाटी वाचलीत ना, 'शतायुषींच्या गावात आपले स्वागत'? खालचं चित्र अप्पांचंच आहे. रंगवणाऱ्याने हसताना दोन्ही ओळी दात काढलेत. अप्पांच्या तोंडात औषधाला दात नाही, केळंसुद्धा कुस्करून द्यावं लागतं.

पूर्वी असं नव्हतं हो. पूर्वी आमचं गाव कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. म्हातारी माणसं तेव्हाही होती, पण त्यांना नुसतं म्हातारी माणसं म्हणायचे. मग कुणी एक प्रोफेसर आले — घरोघर फिरले, नव्वदीच्या वरची माणसं मोजली, काय खाता, किती चालता, झोप लागते का — आणि पेपरात छापून आणलं की इथल्या हवेत काहीतरी आहे, पाण्यात काहीतरी आहे. झालं! समिती काय, विश्रामगृह काय, बाटलीतलं पाणी काय. तुमच्या हातातली बाटली विश्रामगृहातलीच ना? तिच्यावर जी विहीर छापलीय ती कधीच आटली. टँकर येतो. प्या, प्या, पाणी चांगलंच आहे, फक्त आमचं नाही.

रहस्य? तुम्हीही तेच विचारणार ना? त्यासाठी दादाला गाठायला हवं होतं तुम्ही. माझा मोठा भाऊ. शहरात असतो. वाढदिवसाला येतो, अप्पांच्या खांद्यावर हात टाकतो आणि काय सुरेख सांगतो — मन प्रसन्न ठेवायचं, कुणाचा हेवा करायचा नाही, पहाटे उठायचं. पहाटेचं खरं आहे. अप्पा पहाटे उठतात. मग मला उठवतात.

मी सांगू कसं शोधायचं ते? हा रस्ता धरून खाली जा. ज्या घरात नव्वदीपुढचं माणूस उन्हात बसलेलं दिसेल, त्याच्याशी बोलत बसू नका, ते बिचारं काय सांगणार. सरळ स्वयंपाकघरात शिरा. तिथे एक बाई सापडेल. साठीची, पासष्टीची — लेक असेल, सून असेल — एक हात कमरेवर, एक हात चुलीपाशी, आणि कान बाहेर. ती आहे तुमची हवा. ते आहे तुमचं पाणी. प्रोफेसरांनी तिला चहा करायला सांगितलं, मोजलं नाही.

समोरचं घर दिसतंय, निळ्या दाराचं? तिथली सून शिलाईचं काम करायची. माझी मैत्रीण — म्हणजे मैत्रीण कसली, आम्हा दोघींना गप्पा मारायला वेळ कुठे होता, आपापल्या दारातून एकमेकींना हात करायचो. मशीन चालवता चालवता सासूचं सगळं करायची. सासूबाई अठ्ठ्याण्णव वर्षांच्या. आणि ही एकोणसाठाव्या वर्षी मशीनवर डोकं टेकवून गेली. सुईखाली कापड तसंच. मी धावत गेले तेव्हा सासूबाई अंगणातून विचारत होत्या, 'आज चहा का नाही झाला गं अजून?' त्यांना कसं सांगणार? मीच चहा केला. त्याच महिन्यात समितीने त्यांचा सत्कार केला — शाल दिली. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एकोणसाठाव्या वर्षी गेलेलं माणूस आमच्या गावाला शोभत नाही.

आई? आमची आई बासष्टाव्या वर्षी गेली. याच हवेत. हेच पाणी पिऊन — तेव्हा तर विहीरही भरलेली होती.

मी तेव्हा शहरात होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला हेडफोन, समोर भोकांची फळी, एक वायर इकडे, एक वायर तिकडे — 'बोला, तुमचा नंबर लागलाय.' आवाज चांगला होता माझा, हसू नका, लोक मुद्दाम माझ्या पाळीला फोन लावायचे. एक खोली होती भाड्याची, खिडकीत बसून पाय वर घेऊन वाचायची मी. आई आजारी म्हणून दोन महिन्यांची रजा काढून आले. आई गेली, आणि बाराव्या-तेराव्या दिवशी मी बॅग भरायला घेतली तर दादा म्हणाला, 'अप्पांचं काय?' मी म्हटलं, काय म्हणजे? धडधाकट आहेत. तर म्हणाला, 'त्यांना साधा गॅस पेटवता येत नाही. वहिनीला नोकरी आहे, मुलांच्या शाळा आहेत. तू तशी एकटीच आहेस.' तशी! त्या 'तशी'वर माझं घोडं जे अडलं ते अडलंच. आणि पुढे काय म्हणाला माहितेय? 'असे किती दिवस असणार गं, सत्तरी ओलांडलीय त्यांनी.' — आज एकशे चार चालू आहे. आणि मला एकाहत्तर. गॅस त्यांना अजून पेटवता येत नाही.

नाही, वाईट नाहीत हो अप्पा. तसं लिहू नका. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, कधी ताट भिरकावलं नाही. शेजारी नळ असतो ना, तशी मी आहे. तहान लागली की सोडायचा. नळाला कुणी 'कशी आहेस' विचारतं का? — त्या दिवशी टीव्हीवाले आले होते. विचारलं त्यांनी, 'आजोबा, या वयात तुमचं सगळं कोण करतं?' आणि अप्पा छाती काढून म्हणाले, 'कोण करणार? माझं मी करतो.' आणि मी कुठे होते? त्या कॅमेऱ्याच्या बरोबर मागे. त्यांची ओली चादर हातात घेऊन. टीव्हीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता तरी इकडे बघतील, निदान डोळा मिचकावतील — की बघ, कशी थाप मारली! तर नाही. त्यांना ते खरंच वाटतं. गेल्या महिन्यात दाढी करत होते त्यांची, तोंड अगदी जवळ होतं माझं, तर एकदम माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, 'तू म्हातारी झालीस गं.' असे नवलाने म्हणाले — जसं काही मी त्यांना न विचारता परस्पर उरकून टाकलं.

तेवढ्यावरसुद्धा मी दिवसभर बरी होते. हनुवटी धरली म्हणून. बघा, माणूस किती थोडक्यावर चालतं.

काय? — कंटाळा? कंटाळा हा शब्द नाही तो. सकाळी उठले की आधी त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. आत जात नाही. उभी राहते नि ऐकते. श्वास चालू आहे का. आणि मग तो येतो ऐकू — आधी शीळ, मग खरखर — आणि मला काय वाटतं... बरं वाटायला हवं ना? पोटची लेक मी. तर सांगू तुम्हाला, रोज सकाळी तो श्वास ऐकला की तिथेच भिंतीला धरून उभी राहते मी. भिंतीवर हाताचा डाग पडलाय, जाताना दिसेल. — हे नका लिहू. खोडा. खोडा म्हणते ना! मी डोळ्यांत तेल घालून सांभाळलंय त्यांना, पाठीला एक जखम होऊ दिली नाही, कुणालाही विचारा.

ऑपरेशनचं तुम्हाला कुणी सांगितलं? सेक्रेटरी बोलला असेल. समितीचा सेक्रेटरी म्हणजे गावाचं वर्तमानपत्र. आहे, माझ्या पोटात गाठ आहे. मोठी झालीय. हॉस्पिटलातल्या बाई म्हणाल्या, लगेच काढायला हवी, वर म्हणाल्या, 'तुम्ही त्या गावच्या ना? मग घाबरता कशाला, तुम्ही शंभर वर्षं जगणार!' हसल्या बिचाऱ्या. मीही हसले. एकदा तारीख दिली, तेव्हा नेमका अप्पांचा वाढदिवस. दुसऱ्यांदा दिली, तर दादाच्या पाठीत उसण. मी दादाला म्हटलं, महिनाभर अप्पांना तुझ्याकडे ने. तर म्हणाला, 'त्यांना गावाबाहेर कसं काढायचं? इथल्या हवेवर आहेत ते. बाहेर काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील?' मग समितीकडे गेले. म्हटलं, गावाचं भूषण आहेत ना, फाट्यावर मिरवता ना, मग महिनाभर गावाने सांभाळावं. तर सेक्रेटरी काय म्हणाला — 'ताई, आम्ही कार्यक्रम करतो. माणसं सांभाळत नाही.'

मग? मग काय. तिसरी तारीख आजची आहे. आज दाखल व्हायचं, उद्या सकाळी ऑपरेशन. सकाळी दादाला फोन केला. म्हटलं, मी दहा वाजता घर सोडतेय, अप्पा घरात आहेत, तू ये. आधी हसला. मग ओरडला. मग वहिनीने फोन घेतला, ती रडली. मी फोन कानाला धरून ठेवला. एक्स्चेंजमध्ये शिकवलेलं असतं आम्हाला, दोन माणसं भांडत असली की आपण मध्ये बोलायचं नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. शेवटी म्हणाला, निघतो. दुपारी दोन-अडीचपर्यंत पोचेल. तोवर समोरच्या सासूबाईंना इथे बसवणार होते. हो, अठ्ठ्याण्णव वर्षांच्याच! काय करणार, या गावात रिकामं माणूस म्हणजे तेवढंच. आणि तेवढ्यात तुम्ही दारात.

असे काय बघताय? तुम्हीच म्हणालात ना आल्या आल्या, 'दिवसभर आजोबांसोबत राहून बघायचंय, कसे जगतात ते'? मग बघा की. याहून बरी संधी मिळायची नाही तुम्हाला. अवघड काही नाही. भात मऊ करून ठेवलाय, झाकण तेवढं घट्ट बसतं त्याचं, जोर लावा. घास लहान घ्यायचा, गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. उठवताना काखेत हात घालायचा, मनगट ओढायचं नाही, निळं पडतं. चादरी कपाटात खालच्या कप्प्यात. गोळ्या पांढऱ्या डबीतल्या, जेवणानंतर. आणि काही विचारलं तर मोठ्याने बोला. त्यांना हवं ते ऐकू येतं, नको ते येत नाही.

ती रिक्षाच. मीच बोलावलीय. — नाही, पिशवी मी घेते, जड नाही, राहू द्या.

ऐकलंत? जागे झाले. मलाच हाक मारतायत. — नाही, मी ओ देणार नाही. ओ दिली की माझे पाय आत वळतील, पायांना सवय आहे. तुम्ही जा. 'आलो' म्हणा. मोठ्याने म्हणा. — जमणार नाही म्हणता? मला तरी कुठे जमत होतं हो. सरका, दारातून जाऊ द्या मला.