तीन सील बदलूनही गळणारे तेल

सुज्ञ वाचकहो, कमरीपेठेतील गॅरेजात माझ्या स्कूटरची प्रतीक्षा करीत असता ट्रकमालक जोतिबाअण्णा व मिस्त्री मल्लाप्पा यांचा जो संवाद कानी पडला, तो येथे यथातथ्य सादर करीत आहे.

"तीन वेळा इंजिनाचं सील बदललंस, मल्लाप्पा! तरी तेल गळतंयच. दुपारच्या लिलावाआधी ट्रकातली ही मिरची अमरगोळच्या बाजारात पोचायला पाहिजे."

"सील चांगलं आहे, अण्णा. आत कोंडलेली हवा तेलाला बाहेर ढकलतीय. ह्या हवेच्या पाइपात लाकडाचं बूच कुणी मारलं?"

"मीच मारलं."

"अय्यो! इंजिन ह्यातनंच श्वास सोडतं! कशाला मारलं?"

"गाडी घरासमोर लावतो. पाइपातनं बायकोच्या रांगोळीवर तेलाचे थेंब पडायचे."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू कधी विचारलंस? नुसती सीलं बदलत बसलास!"

"बरं, बूच काढलं, पुसूनही घेतलं. आता चालू करा. गळतंय काय?"

"नाही रे, थांबलं! मिरची पोचंल आता. पण घरी रोज भांडण कोण ऐकणार?"

"पाइपाखाली डबा ठेवायचा, अण्णा! एक रिकामा डबा!"

हे वृत्त शांतचित्ताने वाचल्याबद्दल समस्त वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
यशपाल मेत्री