शांताचे आठवीचे विषय

तुम्ही चहा घ्या, मी सांगतो सावकाश. आमची शांता तेव्हा धरणगावला सातवी पास झाली होती, आणि आठवीला विषय निवडायचे होते. मास्तर म्हणाले, “नाना, गणित-शास्त्र घेतलं तर पोरगी मॅट्रिकनंतर डॉक्टरकीला जाऊ शकेल. गृहशास्त्र घेतलं की ती वाट बंद.” मी अडाणी माणूस. म्हटलं, विचार करतो. तेवढ्यात तिची आई तापानं गेली. शाळेबद्दल ती बाई जन्मात एक शब्द बोलली नव्हती.

दहाव्याला गिरणाकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे भरपूर, पण खाली एकही येईना. मी म्हटलं, तुझी गाय विकणार नाही. म्हटलं, तुझ्या म्हातारीला अंतर देणार नाही. काही नाही. ऊन डोक्यावर आलं. मेहुणा म्हणाला, “नाना, पोरनं लगीन यंदाच करी टाकसू, आसं सांगा.”

मी तसं बोललो, आणि सगळे कावळे एकदम उठून पलीकडच्या काठावर गेले.

मग शांताच पुढे झाली. हळूच म्हणाली, “माय, मी गणित-शास्त्र लेसू.”

एक कावळा परत आला. पिंडाला शिवला, आणि मी मान हलवेपर्यंत माझ्याकडे बघत बसला.

तेरावं झाल्यावर मी शाळेत अंगठा द्यायला गेलो. कारकुनानं विचारलं, “मुलीला गणित? हे ठरवलं कोणी?”

“तिच्या आईनं.”

“मग उद्या त्यांना पाठवा. मी समजावतो.”

मी म्हटलं, “साहेब, बोलावू नका. ती येईल.”