काळं ढेकूळ आणि एकशे दहा डिग्री

मी मूळची गोराईची, खाडीपलीकडच्या गावठाणातली, आता लग्न होऊन वाकोल्यात राहते त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण माती विचाराल तर माझी माती गोराईचीच. पपांचं शेत होतं, भाताचं, आणि शेताच्या खालच्या अंगाला एक डबक्याचा तुकडा होता, बारा महिने ओला, लव्हाळं वाढलेलं, त्यात आम्ही पोरं उतरलो की गुडघ्यापर्यंत जायचो आणि पाय काढला की सडक्या अंड्यासारखा वास यायचा. काळी माती, पण शेतातल्या काळ्या मातीसारखी चिकट नाही, हातात घेतली तर लोण्यासारखी, आत मुळांचे धागे, पानांचे तुकडे, कुजून कुजून मातीच झालेले. आणि तळाशी पांढरा थर, बारीक शिंपल्यांचा, आणि त्याच्याखाली करल. करल म्हणजे काय सांगू तुम्हाला, शिंपले आणि वाळू चुन्याने घट्ट होऊन झालेला दगड, आमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती, विहिरींचे कठडे सगळे त्याचेच. आमच्या घरची ताडीची व्हिनेगर त्या पांढऱ्या थरावर टाकली की फस्स करून फेस यायचा, आम्ही पोरं ते बघायला आईची बाटली चोरायचो.

पपांची एक रीत होती. कोणी घर बांधायला निघालं की पपा त्या जागेचं एक ढेकूळ आणायचे, आठ दिवस पडवीत वाळवायचे आणि मग अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत टाकायचे. साधी माती लाल होते, तशीच राहते. पण डबक्याचं ढेकूळ वाळलं की आक्रसून अर्धं होतं, बुचासारखं हलकं होतं आणि चुलीत धुमसतं, ज्वाला नाही, आतल्या आत, दुपारपर्यंत, आणि मागे चिमूटभर राख. पपा म्हणायचे, ही माती जळते म्हणजे ती अजून पानंच आहे, माती झालेली नाही, हिच्यावर घर ठेवलं तर घर रोज थोडं थोडं खाली बसणार. एवढंच. शाळा त्यांची चौथीपर्यंत.

मी मात्र शिकले, आणि देवाची करणी बघा, नोकरी लागली ती अंधेरीला, मातीच्या लॅबमध्ये. इमारती उठायच्या आधी जमिनीला भोकं पाडतात, त्या मातीच्या पिशव्या आमच्याकडे येतात. मी नमुना विभाग बघते. नोंद, लेबल, ओव्हन, कुठली चाचणी आधी, कुठली नंतर. याद्या करायची मला सवय आहे, घरी फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, आणि ओव्हनच्या दारावर माझ्या हातची यादी: नमुना आला की नोंद, मग ट्रे, मग एकशे दहा डिग्रीवर चोवीस तास, मग पुढे. ती यादी लावल्यापासून कामं अडायची बंद झाली, साहेबांनी लॅमिनेट करून दिली.

आणि मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझा भाऊ पास्कू म्हणतो, बाय, तू कन्फेशनला गेलीस तरी फादरची सही घेऊन येशील. म्हणू दे.

तर पास्कूचं गावातलं घर मोडकळीला आलं, भिंत फुगली, दोन मुली, बायको, चौघं एका खोलीत झोपायला लागली. भावाभावांच्या वाटणीत त्याच्याकडे डबक्याचा तुकडा आणि वरच्या अंगाची चिंचेखालची थोडी जागा एवढंच आलं होतं. चिंचेखाली घर लहानच झालं असतं, म्हणून त्याने कंत्राटदार बघितला, बोरिवलीचा. तो म्हणाला, डबकं भरू, वर मुरूम टाकू, मोठं घर बसेल, खाली तर दगडच आहे, पहारीने ठोकलं, खण्ण वाजलं. मी म्हटलं मातीची चाचणी करू, आणि बाहेर नाही, आमच्याच लॅबमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर. वेगवेगळ्या खोलीच्या तीन पिशव्या आल्या. मी स्वतः नोंद केली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: गाळमाती, मध्यम प्रतीची, सेंद्रिय भाग लक्षात घेण्याजोगा नाही, खाली पुरुषभर खोलीवर खडक.

मी तो कागद तीनदा वाचला. ज्या डबक्यात माझी चप्पल गेली ती आजपर्यंत वर आलेली नाही, त्या डबक्याची ही माती? मला लगेच कळलं, म्हणजे मला वाटलं की कळलं, कंत्राटदाराने माती बदलली. कुठून तरी चांगली माती भरून आणली. मग मी वही काढली आणि लिहायला बसले. पिशव्या भरताना पास्कू हजर होता का? नव्हता, तो फेरीबोटीवर कामाला गेला होता. पिशव्यांची तोंडं कोणी बांधली? कंत्राटदाराच्या माणसाने. कंत्राटदार रिपोर्ट बघून एवढा खूश का? एकेक मुद्दा. आणि मग एक मुद्दा पास्कूवरही लिहिला, की याला माहीत असून गप्प तर नाही? सख्ख्या भावावर लिहिला, काय सांगू तुम्हाला.

रविवारी गेले गोराईला. पास्कूशी बोलले नाही, सरळ डबक्यात उतरले, हाताने ढेकूळ काढलं आणि पडवीत ठेवलं. पुढच्या रविवारी बघते तर अर्धं झालेलं, तळव्यावर वजनच लागेना. चुलीत टाकलं. धुमसलं. मी कंत्राटदाराला फोन करून बोलावून घेतला आणि पास्कूच्या अंगणात, शेजारी ऐकतात हे माहीत असून, म्हटलं की तुम्ही माती बदललीत, आणि खालचा दगड दगड म्हणताय ते करल आहे, पपांच्या विहिरीत चार हातांनंतर करल संपून वाळू वाहत आली होती, सगळ्या गावाला माहीत आहे. तो माणूस शांत होता. त्यामुळेच मला जास्त संशय आला. तो म्हणाला,

बाई, पिशव्यांवर सही तुमची, नोंद तुमची, ओव्हन तुमचा. माझं त्यात काय आहे?

पास्कू उठून आत गेला आणि त्याची बायको बाहेर येऊन म्हणाली की चहा ठेवला होता पण आता राहू दे.

सोमवारी लॅबमध्ये गेले ती पुरावा काढायलाच. प्रत्येक नमुन्यातली थोडी ओली माती आम्ही तशीच बंद करून ठेवतो, महिनाभर. त्या पिशव्या काढल्या. मनात वाक्यं तयार होती. पहिली पिशवी उघडली आणि वास आला. सडक्या अंड्याचा. काळी, लोण्यासारखी, मुळांचे धागे. तळाच्या पिशवीतल्या पांढऱ्या कणांवर जेवणाच्या डब्यातल्या लोणच्याची व्हिनेगर टाकली, फस्स. आमच्याच डबक्याची माती होती. कोणी काही बदललेलं नव्हतं.

मग मी नोंदवही बघितली, ही माती ओव्हनमध्ये कधी गेली. आणि तारीख बघून मला काहीतरी आठवलं, म्हणून मी माझी दुसरी वही काढली, तक्रारींची. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं होतं: ओव्हनला जळका, घाण वास. सावंत यांनी ओव्हनमध्ये बोंबील भाजले. साहेबांना कळवले.

सावंत म्हणजे आमचे जुने मदतनीस, मालवणकडचे, निवृत्तीला आलेले. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, बाई, ओव्हनात बोंबील भाजूक मी काय येडो आसंय? मी ऐकलं नव्हतं. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समज दिली होती, नव्या पोरींसमोर.

तो वास बोंबलाचा नव्हता हो. तो पपांच्या चुलीचा वास होता. लहानपणापासून ओळखीचा, आणि मी पंखा लावून घालवला.

अशी माती साठ डिग्रीवर वाळवायची असते, सावकाश. एकशे दहाला तिच्यातलं कुजकं पान करपतं, आणि मग पाणी घातलं तरी ती पहिल्यासारखं पाणी पीत नाही, साध्या गाळासारखी वागते. खरं तर ओली माती आणि भाजलेली माती दोन्ही किती पाणी पितात ते तपासायचं, दोन्हींत मोठा फरक आला की समजायचं ही सेंद्रिय. हे पुस्तकात आहे, साहेबांना माहीत आहे, मलाही एकेकाळी माहीत होतं. पण माझ्या यादीत नव्हतं, आणि यादीप्रमाणे सगळं चोख झालं होतं. मी उरलेली ओली माती तशीच तपासायला लावली. ओली माती भाजलेलीपेक्षा दुपटीहून जास्त पाणी प्यायली. नवीन रिपोर्ट गेला, जुना रद्द.

सावंतांपाशी गेले. माझी चूक झाली, म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, कारण समज पण सगळ्यांसमोर दिली होती. ते म्हणाले, जांव दे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून तळलेले बोंबील आणले आणि डबा मुद्दाम ओव्हनवर ठेवला, झाकण उघडं टाकून. मी खाल्ले.

कंत्राटदाराला फोन केला. तो ऐकून म्हणाला, ठीक आहे. मनात काय म्हणाला असेल ते मला ऐकू येत होतं.

पास्कूला फोनवर नाही सांगितलं, होडीने गेले. म्हटलं, माती कोणी बदलली नव्हती, मीच भाजली होती. आणि वहीत तुझं नाव पण लिहिलं होतं. त्याने हातातल्या जाळ्याची गाठ सोडवली. मग म्हणाला,

माझं नाव कितव्या नंबरला होतं?

चौथ्या, मी म्हटलं. तो म्हणाला, म्हणजे कंत्राटदाराच्या खाली, ते तरी बरं. हसला नाही पण.

आता तो चिंचेखालीच बांधतोय, लहानच घर, दोन खोल्या आणि पडवी, मुलींना वर माळा. पाया खणायच्या आधी मी गेले तर चुलीजवळ एक ढेकूळ होतं, भाजून लाल झालेलं, तसंच घट्ट. त्यानेच टाकलं होतं, मला न सांगता. मीही विचारलं नाही. डबकं तसंच आहे, यंदा बगळे उतरलेत.

लॅबच्या ओव्हनवर आता नवीन यादी आहे. पहिली ओळ: आधी वास घ्या. दुसरी: काळी, हलकी, मुळांची माती असेल तर साठ डिग्री. पण मला झोप लागायला वेळ लागतो. सतरा वर्षं ती जुनी यादी दारावर होती. किती काळ्या मात्या मी भाजून गाळ करून पाठवल्या असतील, त्यांच्यावर किती माणसं झोपत असतील? जुन्या वह्या काढल्यात, जिथे जिथे जळक्या वासाची तक्रार लिहिली आहे तिथे खूण करतेय. साहेबांना दर शुक्रवारी एक यादी देते. ते ती घेतात, वाचतात का ते मला माहीत नाही, म्हणून मी पोच घेते.

तुम्ही हे सगळं लिहून घेतलंत, देव तुमचं भलं करो, तुमच्या घराचा पाया घट्ट असू दे. कुठे राहता म्हणालात? इमारत नवीन की जुनी? आधी तिथे काय होतं, ते विचारलंय कधी? बागेतलं एक ढेकूळ आणून द्या मला. ओलंच आणा, वाळवू नका.