पत्र्याच्या शेडखाली धुरपताआत्या

मंडळी, बसले का सगळे? पुढं या, मागं उन्हात कशाला? वरच्या आळीतले, आमच्या वस्तीतले, सगळे या सतरंजीवर. बोलायला उभी राहिले खरी, पण रडू येतंय. आणि खरं सांगू? नुसतं रडू नाही, मला आनंदही होऊन राहिलाय. आत्या गेली आणि ही हसते, म्हणून नावं ठेवू नका.

परवा माझ्या धुरपताआत्याला गावाच्या स्मशानात, पत्र्याच्या शेडखाली अग्नी दिला. आमच्या वस्तीतलं पहिलं माणूस! आजवर आमची तिरडी जायची ती ओढ्याकाठी. जात बघून जाळायची जागा ठरायची. आत्याच्या नवऱ्याला भर पावसात तिथंच जाळलं. चिता विझायची, पुन्हा पेटवायची. समोर शेड मात्र कोरडं, रिकामं.

तेव्हापासून आत्या दर ग्रामसभेत उभी राहायची. अर्धापूरकडं केळीचे घड वाहून थकलेली बाई, पण सभा चुकवली नाही. विचारायची, "ते शेड कुणासाठी हाय?" सरपंच म्हणायचे, "गावासाठी." "मग आमी कोण हाव?" लोक हसायचे. ती खाली बसायची, पुढच्या सभेला पुन्हा उभी. शेवटी हसणारे थकले, आत्या नाही थकली!

आणि परवा लाकडं कुणी आणली? किसनरावकाकांनी, स्वतःच्या ट्रॅक्टरमधून. हेच काका एके काळी आम्हाला अडवायला शेडच्या वाटेवर काठी घेऊन उभे होते. काका, मान खाली घालू नका, वर बघा. लई मोठं काम केलं तुम्ही!

संध्याकाळी कडू घास आला. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, भाकरी-पिठलं दुसऱ्यांच्या घरून येतं. या खेपेला पहिल्यांदा ते वरच्या आळीतून आलं. आम्ही पोटभर खाल्लं.

आज सकाळी राख सावडली, आमची चूल पेटली. कडू घासाची भांडी न्यायला वरच्या आळीतल्या बाया आल्या. मी म्हणलं, "काकू, बसा, चहा घ्या." एक म्हणली, "नको गं, आत्ताच घेऊन आले." दुसरीही आत्ताच. तिसरीही आत्ताच. अहो, सगळ्या आळीनं एकदमच चहा घेतला का?

आत्या म्हणायची, "पोरी, देणं सोपं असतंय. वाढणाऱ्याचा हात वरच ऱ्हातो. आपल्या हातचं खातील, तवा खरं." तेवढं राहिलंय, मंडळी. मेल्यावर एका शेडखाली आलो. जित्यापणी एका अंगणात कधी येणार?

आता आत्यासाठी मिनिटभर शांत उभं राहायचंय. तिच्या अंगणात चहा उकळतोय, आणि घरी जायची वाट तिथूनच आहे. "आत्ताच घेतला" म्हणायचं की आत येऊन बसायचं, ते या मिनिटात ज्यानं त्यानं ठरवा. काका, पहिला कप तुमच्यासाठी भरते.

चला, उभे राहा.